एकच पान शहाण्णव वेळा

बुधवार, तारीख चौदा
दुपार, भांडी व्हायची आहेत

विहीणबाईंना नमस्कार.

वर 'प्रिय' लिहू की 'आदरणीय' लिहू यात माझी दहा मिनिटं गेली, मग दोन्ही सोडलं. पत्र बघून दचकू नका. कुणालाही काही झालेलं नाही, सगळे जिथल्या तिथे आहेत. माझा गुडघा तेवढा जिना आला की कुरकुरतो. तुमची तब्येत कशी आहे हे पत्रात पहिल्यांदा विचारायचं असतं, मला माहीत आहे. पण ते मी आज विचारत नाही. का विचारत नाही ते पुढे येईल, माझ्याच्याने लिहवलं तर.

तुम्ही तीस वर्षं शाळेत बाई होतात. मी चार यत्ता शिकले, त्यातली तिसरी दोनदा. तेव्हा माझ्या ऱ्हस्वदीर्घाकडे बघू नका. नजर जाणारच, जाऊ दे, पण लाल पेन हातात घेऊ नका, एवढी विनंती.

आनंदाची बातमी आधी सांगते, नाहीतर मला दम निघणार नाही. माझा लॅपटॉप पळायला लागला! आणि तो मी पळवला, या हातांनी. सोमवारी संध्याकाळी आपल्या भिंगरीचा फोटो दाबला, तर बोट उचलायच्या आत समोर हजर. मी खुर्चीतून उठून घरभर एक चक्कर मारून आले. गुडघासुद्धा काही बोलला नाही.

तुम्हाला यात काय विशेष वाटणार म्हणा. तुमचा पहिल्यापासून पळतो. भिंगरीच मला सांगते ना, "त्या आजीचं तोंड कसं लख्ख दिसतं, मागची पुस्तकंपण वाचता येतात." आता पोरीने आजीशी बोलायचं की आजीच्या मागची पुस्तकं वाचायची? माझ्यामागे नुसती भिंत. म्हणून मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून खास तिथे टांगलं, म्हटलं हिलाही काहीतरी वाचायला मिळू दे. तर म्हणते, "आजी, तुझ्यामागे एक पांढरा डाग आहे."

हा लॅपटॉप माझी लेक, म्हणजे तुमची सून, दोन वर्षांपूर्वी तिकडे परगावी राहायला जाताना मला देऊन गेली. तुमचे चिरंजीव, आमचे जावईबापू, बोटीवर रुजू व्हायच्या घाईत होते. पण त्यांनी मला टेबलाशी बसवून शिकवलं. रविवारी इथे दाबायचं, पोरगी दिसेल. वर जाता जाता म्हणाले, "आई, हे मात्र बंद करू नका हं, नाहीतर सगळं पहिल्यापासून करावं लागेल." ते त्या एका खिडकीबद्दल बोलत होते, हे मला आत्ता आत्ता कळलं. मी ते सगळ्यालाच लावलं. दोन वर्षांत मी ब्राउझरमध्ये जे जे उघडलं त्यातलं काही म्हणजे काही बंद केलं नाही. जावयाचा शब्द, मोडायचा कसा?

हसा. एकट्याच आहात, मोठ्याने हसा.

रविवारचं आपलं ठरलेलं होतं. दहा ते साडेदहा मी, साडेदहा ते अकरा तुम्ही. पहिलं वर्ष गुण्यागोविंदाने गेलं. मग माझ्याकडे ते गोल फिरणारं चक्र यायला लागलं. पोरगी बोलायला तोंड उघडायची आणि तशीच राहायची. लॅपटॉप खालून तापायचा, आतला पंखा घोंगावायचा. तिकडून लेक ओरडायची, "आई, ऐकू येतंय का?" ऐकू यायचं, पण मी 'हो' म्हटलेलं त्यांना दोन मिनिटांनी पोचायचं, तोवर त्यांनी दुसरंच काही विचारलेलं असायचं. एकदा लेकीने विचारलं, "वजन वाढलंय का गं तुझं?" आणि माझं आधीचं 'हो हो हो' तिथे जाऊन पोचलं.

"आजी, तू अडकलीस!" पहिल्यांदा भिंगरीला गंमत वाटली. मी म्हणे तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, अशी थिजले होते. तिने फोटो काढून ठेवला. मग गंमत संपली. दहाला बसलेली मी दहा-वीसला सुटायचे, आणि पाच मिनिटांत ती चुळबुळायला लागायची. "आजी, आता मी गोष्टवाल्या आजीकडे जाऊ?"

गोष्टवाली आजी म्हणजे तुम्ही. आणि मी कोण, सांगू? अडकलेली आजी. तिने शाळेत चित्र काढलं, 'माझ्या दोन आज्या'. तुमच्या हातात पुस्तक. माझ्या तोंडाच्या जागी ते चक्र. लेकीने कौतुकाने चित्र पाठवलं. मीही कौतुकाने "वा वा" म्हटलं. पण त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला औषध नव्हतं.

आधी मी घरचे उपाय केले. मी एकतीस वर्षं गणवेश शिवायच्या कारखान्यात खिडकीशेजारच्या मशीनवर बसलेली बाई. मशीन जड झालं की काय करायचं ते मला कुणी शिकवायला नको. दहा ठिकाणी एकदम हात घालायचा नाही. एक गोष्ट बदलायची, चार इंच शिवून बघायचं, मग दुसरी. बारीक ब्रशने लॅपटॉपच्या कडेच्या फटींतला भुगा काढला. खालून हवा खेळावी म्हणून मागच्या बाजूला दोऱ्याची दोन रिकामी रिळं लावली. पंखा थोडा शांत झाला, पण चक्र तिथेच. तेल घालायचा मोह झाला होता. घातलं नाही, देवाची कृपा.

शेवटी सोमवारी सकाळी लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तिथे एक बाई दुरुस्तीचं काम करतात. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. चष्मा कपाळावर, हातात सुईसारखा स्क्रूड्रायव्हर, बोलणं मोजून.

"काय होतंय?"

"चालत नाही."

"चालत नाही की हळू चालतो?"

"बाई, त्याच्यापुढे मी तरुण दिसते."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडेच वळवला. "तुम्ही दाबा, मी सांगते. मी केलं तर महिन्याने परत याल."

"नवीन घ्या म्हणणार असाल तर मी आत्ताच उठते."

"अजून मी तोंडसुद्धा उघडलं नाही. बसा."

मला ती बाई तिथेच आवडली. त्यांनी तीन बटणं एकदम दाबायला लावली, तर एक यादी आली. डावीकडे नावं, उजवीकडे कोण किती खातंय त्याचे आकडे. मेमरी सत्त्याण्णव टक्के भरलेली, आणि सगळ्यात वर ब्राउझर मांडी ठोकून बसलेला. बाकीचे बिचारे कोपऱ्यात.

मी म्हटलं, "पण आत जागा भरपूर आहे म्हणाली होती माझी लेक."

"ते कपाट. कपाट रिकामंच आहे तुमचं. ही मेमरी म्हणजे टेबल. तुम्ही शिवता ना? टेबलावर एका वेळी दोनशे कपडे पसरलेत तर कात्री कुठे ठेवाल?"

असं समजावतात, विहीणबाई. तुम्ही एकट्याच चांगलं शिकवता असं काही नाही.

मग एकेक करत गेलो. ब्राउझरला तीन बांडगुळं चिकटली होती. एक हवामान सांगणारं, एक सवलती सांगणारं, तिसरं काय सांगतं ते त्यालाही माहीत नसावं. "हे कुणी बसवलं?" मी म्हटलं, "मीच 'हो' म्हटलं असेल. तो इतक्यांदा विचारत होता, मलाच वाईट वाटलं." तिन्ही काढली. एक काढलं की यादी बघायची, मग दुसरं. माझीच पद्धत! सत्त्याण्णवाचे एक्याण्णव झाले. साठलेला जुना कचरा पुसला, ब्राउझर नवा करून घेतला. अठ्ठ्याऐंशी.

"बंद करून चालू करून बघितलं होतंत?"

"दहा वेळा. सगळं जसंच्या तसं परत येतं."

"तसं कुणीतरी लावून ठेवलंय," असं म्हणत त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पडद्याच्या अगदी वरच्या कडेला बोट ठेवलं. "आणि हे काय?"

"ती नक्षी."

"कसली नक्षी?"

"आहे पहिल्यापासून. फणीच्या दातांसारखी."

विहीणबाई, ती नक्षी नव्हती. ते टॅब होते, म्हणजे उघडी पानं. इतकी दाटीवाटीने की एकेकाला दोऱ्याएवढी जागा. दोनशे अकरा! त्या बाई इतका वेळ हसल्या नव्हत्या. आता स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून हसल्या. "आजी, हा अजून जिवंत आहे हेच नवल. ह्याला शाल घालून सत्कार करा."

काय काय होतं त्यात? रविवारच्या बोलण्याची खिडकी चाळीस वेळा. भिंगरीच्या गावच्या हवेचं पान बासष्ट वेळा, कारण तिकडे थंडी पडली का, हिने कोट घातला असेल का, हे मी दोन महिने झाले रोज सकाळी बघते. गुडघ्याचे व्यायाम आणि असलंच किरकोळ मिळून तेरा. आणि उरलेली शहाण्णव पानं एकाच पानाची. एकच पान, शहाण्णव वेळा उघडलेलं.

कुठलं पान ते सांगते. पण भांडी पडली आहेत.

गुरुवार

काल भांडी दोनच होती. मी निमित्त केलं.

ते पान तुमचं होतं.

भिंगरीच्या शाळेच्या साइटवर तुमची दोघींची ती गोष्टींची वही आहे ना, एक ओळ ती लिहिते, एक तुम्ही, तीच. तिची लिंक माझ्या लेकीने मागे सगळ्यांना पाठवली होती, "बघा दोघींचं किती छान चाललंय." घरच्यांनी नुसतं वाचायचं, लिहायचं नाही. मी रोज दुपारी ती मेल उघडायची आणि लिंक दाबायची. दर वेळी पान नव्या टॅबमध्ये उघडायचं, आणि जुनं बंद करायचं नाही हा तर आमचा नेम.

दुरुस्तीवाल्या बाईंनी विचारलंच. "कुणाची वही ही?"

"विहिणीची. आणि नातीची."

"मग तुम्ही रोज कशाला?"

"सहज."

"शहाण्णव वेळा सहज?"

मी अभ्रा झटकायला लागले.

तुम्हाला सांगते कशाला. गोष्ट वाचायला नाही. गोष्ट मला अर्धी कळायची, माझं वाचन बोट लावून. मी बघायची, ती तुम्हाला काय म्हणते आणि तुम्ही तिला काय म्हणता. तिने तुम्हाला 'माझी हुशार आजी' लिहिलं, ते मी तीनदा वाचलं. प्रत्येक वेळी वाटलं, आता हात पुढे करून तो शब्द खोडावा. माझा उल्लेख कुठे येतो का, तेही बघायची. एकदा आला. 'एका म्हातारीने राजकन्येला गुप्त खिशाचा झगा शिवून दिला.' ती मीच, तिच्या झग्याला मी आतून खिसा लावला होता. ती ओळ मी शेजारणीला वाचून दाखवली. मग खालची तुमची ओळ वाचली, 'आणि त्या खिशात राजकन्येने पुस्तक ठेवलं.' माझ्या खिशातही तुमचंच पुस्तक!

मी तुमच्यावर जळते, विहीणबाई. लिहून टाकलं. कागद काही पेटला नाही.

तुमच्याकडे शब्द आहेत. माझ्याकडे शिलाई आहे, ती काचेतून दिसत नाही. लग्नातसुद्धा तुम्ही चार वाक्यं बोललात आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. माझ्या लेकीच्या अंगावरचं सगळं मी शिवलं होतं, ते बघून लोक म्हणाले, कुठून आणलं? तेव्हापासूनचं हे आहे. एकाच शहरात राहतो आपण, दोन बस बदलल्या की तुमचं घर, आणि मुलांचा सगळा संसार परगावी गेल्यापासून मी एकदा आले नाही, तुम्हीही आला नाहीत. तुमचं तुम्ही बघा, मी माझं सांगते. मी मुद्दाम नाही आले.

तर पाच-सहा आठवड्यांपूर्वी ते पान उघडेनासं झालं. नुसता पांढरा कागद आणि वर चक्र. चार दिवस, दिवसातून तीनदा दाबलं, चारदा दाबलं, मग नाद सोडला. पांढरंच. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, तुम्हीच मला दाराबाहेर ठेवलंत. माझा संशय पक्का झाला. इतक्या दाबण्यामुळेच टेबल भरत चाललंय, हे मला कुठे ठाऊक.

आणि त्याच आठवड्यात मी एक गोष्ट केली. ती उद्या लिहिते. आज हात दुखतो. (दुखत नाही.)

मी निघताना दुकानातली बाई म्हणाली, "पानं बंद केली म्हणून फाटत नाहीत, आजी. वही मिटली तरी वहीतलं लिहिलेलं राहतं. घरी जाऊन एकच ठेवा, बाकी मिटा." ती समोरच मिटायला लावत होती, पण तुमचं-आमचं तिच्यासमोर नको म्हणून मी घरी आणलं. संध्याकाळी बसून एकेक मिटलं. फुली दाबली की एक दात गळायचा. शंभर गेले तशी नक्षी रुंद व्हायला लागली, शेवटी वरची अक्षरं दिसली. मग पंखा आपोआप थांबला. घरात इतकं शांत झालं, विहीणबाई, की नळ गळतोय हे मला तेव्हा कळलं. तेव्हाच तो फोटो चटकन उघडला, तेव्हाच मी चक्कर मारून आले. तुमच्या वहीचं एकच पान ठेवलं होतं. परत येऊन बसले तर तेही उघडलं होतं. अख्खं. समासातल्या टिपांसकट.

तिथपर्यंत मी आनंदात होते.

शुक्रवार

आज लांबवत नाही.

त्या समासात भिंगरी तुम्हाला चिठ्ठ्या लिहिते आणि तुम्ही उत्तरं देता, हे मला माहीतच नव्हतं. माझ्याकडे समास कधी उघडलाच नव्हता. मी बोट लावून सगळं वाचलं.

पहिली चिठ्ठी तिची. 'आजी, आपल्या वहीत वर छोट्या गोलात प्राणी दिसतात. शाळेबाहेरचं कुणी बघत असेल तर प्राणी दिसतो, असं बाई म्हणाल्या. आज ८१ आहेत. खार, उंट, कासव, सगळे. हे कुठून येतात?'

म्हणजे ते सगळे मीच. एकेक पान उघडं ठेवलं तशी एकेक प्राणी होऊन तुमच्या डोक्यावर बसले होते. मला वाटायचं मी दाराआडून बघतेय, आणि मी तर आख्खं प्राणीसंग्रहालय घेऊन दिवाणखान्यात!

तुम्ही उत्तर दिलंत, 'बहुतेक एकाच घरातून येतात. ज्या घरात तुझी आठवण फार येते, तिथून. त्यांना बसू दे.'

तुम्हाला ठाऊक होतं. तरी लिंक बंद केली नाहीत.

पुढची चिठ्ठी पाच आठवड्यांपूर्वीची. 'आजी, आई म्हणते तुझा घसा बसलाय आणि डॉक्टरांनी बोलायचं नाही सांगितलंय, म्हणून रविवारी आपलं नाही. तू बरी झालीस का?'

विहीणबाई, तुमचा घसा मी बसवला.

मीच लेकीला फोनवर सांगितलं. म्हटलं, "विहीणबाईंचा घसा वाईट आहे गं, बोलायची बंदी आहे, तुझ्याशी मात्र त्याबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत, त्यांना चौकशी केलेली खपत नाही. रविवारी त्यांना विश्रांती दे." जावईबापू बोटीवर, विचारणार कोण? तिला खरं वाटलं. तिने तुम्हाला कळवलं, सध्या रविवार राहू दे. आणि तुमचा अर्धा तास मी उचलला. दहा ते अकरा, पूर्ण माझा. त्या तासात मी चाळीस मिनिटं अडकलेली असायची. चोरलेलं मिठाईचं ताट घेऊन कोपऱ्यात बसावं आणि दातच नसावेत, तसं.

मी ठरवलं होतं, तुम्ही भांडायला फोन कराल. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती, आरशासमोर म्हणून बघितली होती. तुमचा फोन आला नाही. कारण तुम्ही तिला हे लिहिलंत, मी उतरवून घेतलंय, शब्दाला शब्द. 'होईन बरी. तोवर माझा अर्धा तास त्या आजीला दे. तिच्याकडे मशीन अडकतं, तिला वेळ जास्त लागतो. तिच्यासमोर घड्याळाकडे बघू नकोस.'

खणखणीत घशाच्या बाईने नातीला खोटं सांगितलं, आणि ते माझ्यासाठी.

त्यावर मला काय वाटलं सांगू? आधी राग आला. यातसुद्धा तुम्हीच वरचढ! अहो, भांडायचं होतंत. सुनेला सांगायचं होतंत. माझं नाव घालवायचं होतंत, मी रडले असते, चार दिवस जेवले नसते आणि मला बरं वाटलं असतं. चांगलं वागून समोरच्याला एवढं छोटं करतात का? आणि मग आठवलं, मागच्या महिन्यात भिंगरी खरंच घड्याळाकडे बघायची थांबली होती. मी अडकले की ती शांत बसून राहायची, केसांशी खेळत. मला वाटलं, पोरगी माझ्याकडे वळली. मी शेजारणीला सांगितलं, "बघ, शेवटी रक्त ओढ घेतंच." ती वळली नव्हती. तुम्ही वळवली होती.

चार दिवस मी लॅपटॉप उघडून बसते, तो पळतो, आणि मला कुठे जायचं तेच सुचत नाही.

आज सकाळी लेकीला फोन केला. उभ्यानेच, बसले असते तर गोष्टीला वळण दिलं असतं. सगळं सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मी म्हटलं, "अडकलीस का?"

"नाही," ती म्हणाली. "आई, पाच आठवडे त्या गप्प बसल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत."

"म्हणून तर सांगतेय."

"त्या बोलल्या असत्या तर सांगितलं नसतंस?"

मी म्हटलं, "नसतं सांगितलं." निदान एवढं तरी खरं.

मग ती म्हणाली, "या रविवारी तुझं नको. पूर्ण तास त्यांचा."

"आणि पुढच्या?"

"बघू."

माझ्या लेकीचं 'बघू' मला माहीत आहे. ते तिला मीच शिकवलंय. लहानपणी ती सायकल मागायची तेव्हा मी तेच म्हणायची, आणि सायकल काही आली नाही. आता मला कळतं, तो शब्द ऐकून ती पायरीवर तशी का बसून राहायची. पण भांडले नाही. 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला.

माफी मागायची म्हणून मी तीन कागद फाडले. 'क्षमस्व' असं लिहिलं की ते तुमच्यासारखं पुस्तकी वाटतं, आणि साधं लिहिलं की कमी वाटतं. मी चुकले. माझ्या नातीचं कुणीतरी दुसरंही आहे, हे मला बघवत नव्हतं. अजूनही फारसं बघवत नाही, उगाच कशाला खोटं लिहू. पण तिला गोष्ट सांगणारं कुणी नसतं, तर मी तिला काय सांगितलं असतं? काजं कशी करतात ते?

हे पत्र पोस्टाने रविवारआधी पोचणार नाही. म्हणून उद्या दोन बस बदलून मीच येते आणि तुमच्या पेटीत टाकते. बेल वाजवणार नाही. आतून तुमचा आवाज ऐकू आला, चांगला मोकळा, तर मी पत्र न टाकताच परतीची बस धरेन.

एक मागणं आहे. रविवारी भिंगरी नक्की विचारेल, ती आजी आज कुठे आहे? तेव्हा माझा गुडघा पुढे करू नका, लॅपटॉप बिघडलाय म्हणू नका. माझ्यासाठी एकदा खोटं बोललात तेवढं पुरे. खरं सांगा. तिला समजेल असं सांगा. तुम्हाला ते जमतं, मला नाही.

तुमच्या नातीची
आजी